पेटीवर देवगड, आत कुठला आंबा? : जुन्या टीव्ही गेमविषयी वाचकांचे प्रश्न

मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता ते मी चालवते. ट्रॉलरवरचे वायरलेस सेट, फिशफाइंडर, बॅटरी चार्जर हे रोजचं काम. पण हल्ली महिन्याला एक-दोन माणसं पिशवीत जुना टीव्ही गेम घेऊन दारात उभी राहतात. कोणाच्या माळ्यावरून निघालेला असतो, कोणाच्या पेटाऱ्यातून. मागच्या अंकात संपादकांनी अशा गेमबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांचा गठ्ठाच आला. जवळजवळ प्रत्येकाला हेच विचारायचं आहे की आपल्याकडचा गेम नेमका कोणता. प्रश्न रास्त आहे, कारण कोकणात हे गेम दुकानातून कमी आणि माणसांच्या सामानातून जास्त आले. बोटीवरच्या माणसाने जपानहून आणला, आखातातल्या माणसाने दुबई-कुवेतहून, चाकरमान्याने गणपतीला येताना लॅमिंग्टन रोडवरून. प्रत्येकाची वीज वेगळी, चित्राची पद्धत वेगळी. म्हणून उत्तरं वाचण्याआधीच सांगते: ओळख पटेपर्यंत प्लग लावू नका.

ताई, माझे वडील बोटीवर होते. त्यांनी जपानहून लाल-पांढरा गेम आणला होता. दोन्ही रिमोट त्याला कायमचे जोडलेले आहेत. मी शाळेत असताना एका मेकॅनिकने तासभर शोधून टीव्हीवर चॅनल लावून दिला होता, पण चित्र काळंपांढरं यायचं आणि आवाज अजिबात नसायचा. बिघडलेलाच आणला होता का? – एक वाचक, हर्णै

नाही हो दादा. तुमच्या वडिलांनी अगदी चांगली वस्तू आणली होती, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन खुणांवरूनच तिची ओळख पटते. हा निंटेंडोचा फॅमिकॉम. जपानमध्ये तो १५ जुलै १९८३ला विक्रीला आला. पालथा घातलात तर खाली एचव्हीसी-००१ हा नंबर सापडेल. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नसतील, त्यांच्या जागी छोटा माइक आणि आवाजाची सरकपट्टी असेल. अमेरिकेत १९८५मध्ये निंटेंडोने हेच यंत्र करड्या खोक्यात घालून विकलं, पण त्याला हा माइक नाही आणि त्याचे रिमोट सुटे होतात.

आता काळ्यापांढऱ्या चित्राचं. टीव्हीचं रंगीत चित्र पाठवायची जपानची पद्धत एनटीएससी, आपली पाल. रंगाची माहिती जपानी सिग्नलमध्ये ३.५८ मेगाहर्ट्झवर बसते, आपला टीव्ही ती ४.४३वर शोधतो. सापडत नाही म्हटल्यावर तो रंग बंद करून नुसतं चित्र दाखवतो. आवाजाचंही तसंच. जपानमध्ये आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतो, आपल्याकडे ५.५वर. म्हणजे टीव्ही भलत्याच ठिकाणी कान लावून बसला होता. मेकॅनिकला तासभर का लागला तेही यातच आलं. फॅमिकॉम जपानच्या १ किंवा २ नंबरच्या चॅनलवर सिग्नल सोडतो, आणि जपानचा चॅनल १ आहे ९० ते ९६ मेगाहर्ट्झ. आपले जुने टीव्ही चॅनल ४७ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये आणि मग एकदम १७४च्या पुढे. मधल्या जागेत आपल्याकडे एफएम रेडिओ वाजतो. ज्याने तुम्हाला त्या जागेत चित्र शोधून दिलं, त्या मेकॅनिकचं मला कौतुक वाटतं.

हा आवाज मी दुकानात रेडिओवर ऐकते. चॅनलचं बटण १वर ठेवायचं, फॅमिकॉमच्या आरएफच्या भोकात, म्हणजे टीव्हीच्या एरियलकडे जाणारी वायर जिथे लागते तिथे, वीतभर वायर खोचायची, तिच्याशेजारी एफएम रेडिओची एरियल आडवी ठेवायची आणि काटा ९५.७५च्या आसपास हलके हलके फिरवायचा. खरखरीतून एकदम गेमचं संगीत वर येतं, जरा बारीक, पण स्वच्छ. टीव्ही नाही, चित्र नाही, नुसती ती धून. ती ऐकू आली की यंत्र जिवंत आहे, जपानी आहे आणि चित्र-आवाज चॅनलवर चढवणारा आतला मॉड्युलेटर शाबूत आहे, तिन्ही गोष्टी एका फटक्यात कळतात.

पण त्याआधी विजेचं. जपानात घरात १०० व्होल्ट असतात. मूळ अडॅप्टर, नंबर एचव्हीसी-००२, थेट आपल्या २३० व्होल्टवर लावलात तर मिनिटाभरात वास येईल. बोटीवाल्यांच्या घरात स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर असायचा, तो वडिलांच्या सामानात बघा. नसेल तर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरचा अडॅप्टर चालतो, मात्र पिनच्या आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असा हवा. आपल्याकडचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे असतात. आणखी एक: अमेरिकेतल्या भावाने करड्या खोक्याचा अडॅप्टर दिला तर तो याला लावू नका. तो ९ व्होल्ट एसी आहे. करड्या खोक्यात एसीचं डीसी करणारा ब्रिज आहे, लाल-पांढऱ्यात नाही.

राहिलं तुमचा फॅमिकॉम सुरुवातीचा की नंतरचा, ते. रिमोटवरची ए आणि बी ही बटणं चौकोनी आणि रबरी आहेत का गोल आणि कडक? चौकोनी म्हणजे अगदी सुरुवातीचा. ती बटणं दाबून दाबून आत अडकायची, म्हणून पुढे गोल आली. त्याच सुरुवातीच्या यंत्रांत एका चिपची चूक निघाली होती आणि निंटेंडोने ती परत मागवून बोर्ड बदलून दिले. त्यामुळे बटणं चौकोनी असली तरी आत बोर्ड नंतरचा असू शकतो. खात्री करायची तर खालचे स्टार स्क्रू काढा आणि मोठ्या चिपवरची अक्षरं वाचा. आरपी२ए०३च्या पुढे काही अक्षर नसेल तर ती पहिली पिढी. ई, जी किंवा एच असेल तर नंतरची. पहिल्या पिढीच्या चिपमध्ये गोंगाटाच्या वाहिनीचा, म्हणजे खरखरीचे आवाज काढणाऱ्या भागाचा, एक प्रकार नव्हताच, पत्र्यावर घासल्यासारखा तो आवाज तिथे साधा फसफस येतो. तुमच्याकडचा तसा निघाला तर मला जरूर कळवा, मी अजून तो स्वतःच्या हातात घेतलेला नाही.

आमच्याकडे टीव्ही गेम आहे, दिसायला हुबेहूब प्लेस्टेशन, पण वर कॅसेट बसते. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलंय. भाऊ म्हणतो डुप्लिकेट आहे, भंगारात टाक. मला टाकवत नाही. नक्की काय आहे हे? – एक शिक्षिका, मालवण

बाई, टाकू नका. पेटीवर देवगड छापलं म्हणून आत देवगडचाच हापूस असतो असं नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण म्हणून आतला आंबा टाकायचा नसतो, कापून बघायचा असतो.

ही फॅमिकॉमचीच नक्कल. वरचं प्लॅस्टिक प्लेस्टेशनचं, सेगाचं, कशाचंही असो, कॅसेटच्या खालच्या पट्ट्या मोजा. एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३०, मिळून ६० भरल्या तर आत फॅमिकॉमचं घराणं आहे. हर्णैच्या दादांच्या लाल-पांढऱ्या यंत्रातही तुमची कॅसेट बसेल.

नकलांमध्येही दोन प्रकार आहेत आणि मला त्यातला फरक फार महत्त्वाचा वाटतो. झाकण उघडा. बोर्ड तळहाताएवढा असेल, बाकी खोकं रिकामं आणि बोर्डाच्या मधोमध काळ्या डांबराचा थेंब पडल्यासारखा गोळा दिसत असेल, तर सगळं यंत्र त्या एका थेंबाखाली आहे. तो नंतरचा, स्वस्तातला माल. थेंब बिघडला की दुरुस्ती नाही.

पण बोर्ड लांबरुंद असेल आणि त्यावर ४० पायांच्या दोन काळ्या चिपा शेजारी शेजारी असतील, तर भावाला बोलावून दाखवा. त्यावर यूए६५२७पी आणि यूए६५३८ असं लिहिलेलं सापडेल. या तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा. जवळ चांदीच्या डबीसारखा, यंत्राचा ठोका ठरवणारा क्रिस्टल असेल, त्यावर २६.६०१ने सुरू होणारा मेगाहर्ट्झचा आकडा. हे यंत्र पाल पद्धतीच्या देशांसाठी मुद्दाम बनवलेलं आहे, आणि बनवणाऱ्यांनी एक शहाणपणाचं काम केलंय. निंटेंडोने युरोपसाठी जे पाल यंत्र काढलं त्यात या २६.६ला १६ने भाग दिला, प्रोसेसरचा वेग १.६६ मेगाहर्ट्झ आला, त्यामुळे प्रत्येक सूर मूळ जपानीपेक्षा एका पट्टीहून थोडा जास्तच खाली उतरला. तैवानच्या चिपेत भाग १५ने दिलाय. वेग येतो १.७७, जपानी यंत्राचा १.७९. म्हणजे सूर जवळजवळ जागच्या जागी राहतो. गेमची चाल मात्र दोन्हीकडे संथ, कारण पडदा सेकंदाला ६०ऐवजी ५० वेळा रंगतो. गाणं त्याच पट्टीत, फक्त विलंबित लयीत, असं समजा.

चिपांवर पी नसेल, म्हणजे यूए६५२७ आणि यूए६५२८ असतील, तर तुमचं यंत्र एनटीएससी आहे. मग हर्णैसारखाच काळ्यापांढऱ्या चित्राचा प्रकार होईल.

अशा अनेक नकलांत आणखी एक वेगळेपण सापडतं. या यंत्राचा सूर चौकोनी लहरीतून निघतो. लहर किती वेळ वर राहते त्यावर आवाजाचा पोत ठरतो. निम्मा वेळ वर राहिली तर आवाज भरीव, पाव वेळ राहिली तर जरा नाकातला, सनईकडे झुकणारा. नकलांच्या चिपांमध्ये या दोन पोतांची अदलाबदल झालेली असते. जिथे भरीव हवा तिथे नाकातला येतो, नाकातल्याच्या जागी भरीव. माझं बालपण पाली गावच्या मामेभावाच्या नकली यंत्रापुढे गेलं. पुढे दुकानात पहिल्यांदा खरा फॅमिकॉम आला, मी कॅसेट घातली आणि वाटलं स्पीकर खराब आहे. स्पीकर बदलला, तरी तेच. मग दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून एकच कॅसेट आलटून पालटून घातली तेव्हा उलगडा झाला. आपल्या पिढीच्या कानात या गेमचं जे संगीत बसलंय ते जपानमधल्या मुलांनी ऐकलेलंच नाही. ते फक्त या नकली यंत्रांतून निघतं. म्हणून म्हणते, टाकू नका. जपानी फॅमिकॉम आजही पैसे दिले की मिळतो. तुमच्या बोर्डासारखे बोर्ड मात्र भंगारवाल्याकडे किलोवर गेले.

२२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. प्लेस्टेशन दोन दिवस बुडालेला होता. खालचा स्टिकर गेला. आता मुलगा म्हणतो दुरुस्त करू. कोणता मॉडेल आहे हे कसं कळेल, आणि तो सुरू होईल का? – एक वाचक, चिपळूण

आधी मॉडेल. स्टिकरवर एससीपीएच आणि पुढे आकडा असतो. शेवटचा अंक देश सांगतो. ० जपान, १ अमेरिका, २ युरोप, ३ आशिया. स्टिकर गेला तरी पाठ बोलते. मागे पिवळी, पांढरी, लाल अशी तीन गोल भोकं थेट यंत्रावरच असतील तर तो सुरुवातीचा, एससीपीएच-१००१ किंवा १००२च्या वेळचा. जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ला आलेल्या पहिल्यावहिल्या १०००ला याशिवाय एस-व्हिडिओचंही भोक होतं. तीन भोकं नाहीत, पण मागच्या झाकणाखाली लांबट पॅरलल पोर्ट, म्हणजे जोडणीची फट, आहे, तर मधल्या काळातला, ७५०० मालिकेपर्यंतचा. पॅरलल पोर्टच नसेल तर ९०००. आणि सगळंच छोटं, गोलसर, पांढरं असेल तर २०००मध्ये आलेला पीएस वन.

ही झाली खोक्याची साक्ष. पण तेव्हा दुरुस्तीवाले दोन मोडक्यांतून एक चालू करायचे आणि खोकं कुठलंही चढवायचे, म्हणून बोर्डावरचा छापील नंबरही वाचा. पीयू-७ किंवा पीयू-८ म्हणजे सुरुवातीचा. साधारणपणे पीयू-१८ हा ५५००च्या, पीयू-२० हा ७०००च्या, पीयू-२२ हा ७५००च्या आणि पीयू-२३ हा ९०००च्या घरातला. शाई धुऊन जाते, बोर्डावरचं छापील सहसा जात नाही.

सुरू होण्याबद्दल खरं सांगते. दोन दिवस वाशिष्ठीच्या गढूळ पाण्यात राहिलेल्या यंत्राची लेन्स बहुधा गेलेली असते. बोर्ड मात्र वाचू शकतो. पुरानंतर चिपळूणहून आलेली यंत्रं मी उघडली तेव्हा पत्र्याच्या आवरणाखाली गाळ सुकून खापरी झाला होता, बोटाने उचलला तर अख्खा निघायचा आणि खाली चिपांच्या पायांचे ठसे उमटलेले दिसायचे. असा गाळ खरवडायचा नाही. बोर्ड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचा, मऊ दात-ब्रशने चिपांच्या पायांमधून ब्रश फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा आणि सावलीत तीन दिवस ठेवायचा. उन्हात नको. विजेचा बोर्ड वेगळा निघतो, त्याचं प्रत्येक सोल्डरिंग भिंगातून तपासा. यंत्र अमेरिकेतलं, म्हणजे शेवटचा अंक १ असेल, तर त्याचा विजेचा बोर्ड १२० व्होल्टचा आहे हे मुलाला आधीच सांगा. पूर राहू द्या, आपल्या २३०नेच तो जाईल.

लेन्स घ्यायची झाली तर मॉडेल कळल्यावरच घ्या. सुरुवातीच्या यंत्रांत लेन्सची गाडी प्लॅस्टिकवर सरकते, झिजून खाली बसते, त्यामुळेच लोक यंत्र पालथं ठेवून खेळायचे. पुढच्या मालिकांत ही रचना बदलली आणि लेन्सही बदलली. चुकीची आणलीत तर पैसे वाया.

दुबईहून आलेला सेगा मेगा ड्राइव्ह. एक म्हणतो ‘वन’ आहे, दुसरा म्हणतो ‘टू’. फरक काय पडतो? – एक वाचक, खेड

पडतो, आणि तो अडॅप्टरपासूनच. पुढे हेडफोनचं भोक आणि आवाजाची सरकपट्टी असेल तर वन. लहान, चौकोनी, हेडफोन नसलेला असेल तर टू. वनला ९ व्होल्ट, पिनचा आतला भाग ऋण. टूला १० व्होल्ट, आतला भाग धन. अगदी उलट! मूळ अडॅप्टरच्या पिना वेगवेगळ्या आकाराच्या असल्याने चूक होत नाही, पण सात तोंडांचा युनिव्हर्सल अडॅप्टर घेतलात की होते. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे असाच एक आला. ज्या दुकानाने अडॅप्टर विकला त्याने "सगळ्यांना चालतो" म्हणून दिला होता. आतले व्होल्टेज आवरणारे दोन्ही रेग्युलेटर बदलावे लागले आणि त्या घरातली मुलगी दोन तास माझ्या स्टुलावर बसून होती, एक शब्द बोलली नाही.

वन असेल तर वरच्या गोलाभोवती ‘हाय डेफिनिशन ग्राफिक्स’ लिहिलंय का बघा, ते सुरुवातीच्या यंत्रांवर असतं. सुरू करताच काळ्या पडद्यावर सेगाच्या परवान्याची इंग्रजी ओळ आली तर बोर्ड नंतरचा. बोर्डावर व्हीएने सुरू होणारा क्रमांकही छापलेला असतो. संगीतासाठी ऐकणार असाल तर वनमध्ये शक्यतो व्हीए७ टाळा, त्याचा आवाज आधीच्यांसारखा स्वच्छ नाही. आणि वनचा मागचा सॉकेट फक्त मोनो देतो. स्टिरिओ हवा तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्या. नव्वदच्या दशकात भारतात शॉ वॉलेस कंपनीही सेगाचे गेम विकत होती, त्यामुळे तुमचा दुबईचाच आहे ही घरातली आठवणही एकदा पारखून घ्या.

कॅसेट लागत नाही तेव्हा आम्ही फुंकर मारतो. बरोबर आहे का? – इयत्ता सातवीतला वाचक, वेंगुर्ला

नको रे बाळा. फुंकर मारल्यावर कॅसेट लागते कारण ती काढून परत घातल्याने पट्ट्या घासल्या जातात. फुंकरीतला ओलावा मात्र तांब्यावर राहतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत तिथे हिरवा गंज धरतो. ट्रॉलरवरच्या सेटांत मी हेच रोज बघते. कानकोरण्याचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासा ओला कर, पट्ट्यांवरून एकाच दिशेने फिरव, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. पावसाळ्यात कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाक. डबा ओटीवर नको, आतल्या खोलीत, चुलीच्या भिंतीकडे.